हात मागे बांधायचे सात हजार

गाडीची जुनी सीट उचकटली की खाली काय काय सापडतं, ते फक्त सीटवाल्यालाच माहीत. चिल्लर, केसांच्या पिना, चघळून टाकलेल्या आंब्याच्या कोयी, एकदा तर कवळी. लोकांनी मुद्दाम काही टाकलेलं नसतं, बसता-उठता आपोआप साठतं. आमच्या दुकानातल्या गोष्टींचंही तसंच झालं. कोणी लिहून ठेवल्या नाहीत, पण चार माणसं चहाला जमली की एकेक निघत राहतात.

दुकान म्हणजे मारुती मंदिरापासून जरा पुढे, रत्नागिरीतलं भाऊंचं सीटकव्हरचं दुकान. भाऊ मालक. मी कापणार आणि बसवणार. माझी बायको वैशाली पायाच्या मशीनवर शिवणार. रेक्झिन जाड, मशीन जुनं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिचे गुडघे बोलायला लागायचे. म्हणून ती मोटरच्या मशीनसाठी पैसे साठवत होती. त्या पैशांचं काय झालं, तेच आता सांगतो.

* * *

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. आमच्या गिऱ्हाईक असलेल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई एक वस्तू घेऊन आल्या. त्यांची बहीण तान्ह्या बाळाला घेऊन लंडनहून यायची होती, आणि तिने आधीच कोणाबरोबर तरी बाळाची गाडीतली सीट पाठवली होती. प्लास्टिकची, गादी लावलेली, तीन-चार पट्टे लोंबणारी. बाई म्हणाल्या, बसवून ठेवा, मी दवाखाना आटपून येते.

आम्ही ती वस्तू पहिल्यांदाच पाहत होतो. मी पट्टे उलटसुलट करून बघितले. गाडीला मागे पट्टाच नव्हता, तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांना नसायचा. भाऊंनी पाच मिनिटं विचार केला आणि ड्रिल मागितलं. सीटला चार भोकं, गाडीच्या तळाला चार भोकं, चार बोल्ट, वरून वॉशर. मग स्वतः एक पाय सीटवर ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आता ह्यात हत्तीचं पिल्लू बसवा. गाडी तुटेल, सीट नाय तुटणार."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दार उघडलं, आत बघितलं आणि दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं आणि चारही बोल्ट मोजले. शेवटी म्हणाल्या, ही सीट आता फेकायची. भोक पाडलं की तिचा जीव गेला. पण ओरडल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. उलट आठवड्याने एक कागद घेऊन आल्या. ह्या सीटा कशा बसवायच्या त्याचं चार दिवसांचं शिक्षण मुंबईत होतं, परदेशातून एक बाई शिकवायला येणार होत्या. रत्नागिरीत एकाला तरी हे यायला हवं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. खाली फी लिहिली होती, सात हजार रुपये.

भाऊ कागद वाचून म्हणाले, "सात हजारात मी पट्टा लावायला काय, विमान उडवायला शिकेन."

भाऊ देणार नाहीत हे उघड होतं. माझ्याकडे नव्हते. मी घरी विषय काढला नाही, पण मला तिथे जायचं होतं. त्या चार बोल्टांची मला फार लाज वाटत होती. उद्या कोणी भोक न पाहताच मूल बसवलं असतं तर, हा विचार डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी वैशालीने मोटरच्या मशीनचे पैसे माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "जा. पण नापास होऊन आलात तर हे मशीन पायाने तुम्ही चालवायचं."

* * *

शिक्षणाचा खर्च म्हणजे नुसती फी, असं समजणारा माणूस कोकणातला नव्हे. मे महिना होता. उतरायचं वैशालीच्या मामांकडे, डोंबिवलीला. मामांकडे मे महिन्यात रिकाम्या हाताने गेलं तर माहेरी तिचं नाव निघेल, म्हणून एक पेटी हापूस. मामांनी ती शेजाऱ्यांसमोर उघडली, म्हणून शेजाऱ्यांना एक डझन मागाहून कबूल केले. चार दिवस मी फुकट राहिलो आणि हॉटेलपेक्षा महाग पडलो.

त्या कागदावर आणखी एक ओळ होती. सरावासाठी बाळाच्या वजनाची, साधारण आठ-नऊ किलोची बाहुली किंवा तशी वस्तू आणावी. तेवढ्या वजनाची बाहुली रत्नागिरीत कुठे मिळणार? वैशालीने परसातल्या फणसाकडे बोट दाखवलं. ताणकाट्यावर नऊ किलोला किंचित कमी भरला. धोतरात गुंडाळला आणि गाडीत मांडीवर घेऊन गेलो.

वर्गात सगळे मोठ्या शोरूमचे लोक. त्यांच्याकडे गुबगुबीत बाहुल्या, एकीला तर टोपडंसुद्धा. मी धोतर सोडलं तशा सगळ्यांनी आपापल्या बाहुल्या जवळ घेतल्या. शिकवणाऱ्या बाई गोऱ्या, उंच आणि कडक. त्यांनी फणस हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, डोकं कुठलं आणि पाय कुठले ते मला विचारलं, आणि मी देठाकडे बोट दाखवल्यावर मान डोलावली. तेव्हापासून त्यांनी त्याला बाळच म्हटलं. "पट्टा बाळाच्या मानेला लागतोय," असं त्या गंभीरपणे सांगायच्या आणि शेजारची मुलगी मला मराठीत समजावायची.

तिसऱ्या दिवशी बाळ पिकलं. एसी हॉल, दारं-खिडक्या बंद. वास असा सुटला की बाहुलीवाले शोरूमकर सारखे माझ्याकडे वळायचे. नशीब, फणस कापा होता. बरका असता तर परीक्षेच्या दिवशी पट्टा आवळताच बाळ हातात आलं असतं आणि मी नापास.

पास झालो. निकालानंतर वर्गाने माझं बाळ खाल्लं. बाईंनी दोनदा मागून घेतलं.

* * *

सर्टिफिकेट भाऊंनी गणपतीच्या फोटोखाली टांगलं. मग विचारलं, चार दिवस शिकलास काय?

मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. कारण बाईंचा पहिला नियम असा की शिकवणाऱ्याने सीट बसवायची नाही. आईबापांनी बसवायची. आपण सांगायचं, बघायचं, चुकलं तर पुन्हा सांगायचं, आणि हात पाठीमागे बांधून ठेवायचे. आपण बसवून दिली तर ती एकदाच नीट बसते. मग ते धुवायला काढतात आणि पुन्हा त्यांच्या मनाने लावतात.

पहिलं गिऱ्हाईक आलं, सुर्वे. जहाजावर चीफ इंजिनिअर. सिंगापूरहून सीट घेऊन आलेले. चावी माझ्या अंगावर टाकून म्हणाले, बसवा, मी चहा घेऊन येतो. मी हात मागे बांधले आणि म्हटलं, साहेब, तुम्ही बसवायची.

सुर्व्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी छताकडे. मग सुर्वे म्हणाले, ठीक आहे, जहाजाचं इंजिन खोलतो मी, ह्यात काय आहे. पहिल्या दहा मिनिटांत शर्ट काढला. अर्ध्या तासाने बनियनवर मागच्या सीटवर आडवे, पाय दाराबाहेर. पट्टा चुकीच्या खाचेतून गेला होता, मी सांगितलं. काढला, पुन्हा ओवला. मी सीट बुडाशी धरून हलवायला सांगितली. इंचभरापेक्षा जास्त हलली, म्हणजे पुन्हा. सव्वा तासाने ती एखाद्या दगडासारखी बसली. सुर्वे घामाने निथळत बाहेर आले आणि पाकीट काढलं. किती?

मी म्हटलं, दीडशे.

सुर्व्यांनी पाकीट तसंच धरलं. "ते कळलं हो. पण कोणी कोणाला द्यायचे?"

माझ्या आधी मशीनवरून वैशाली बोलली. "द्या हो साहेब. सात हजार घातलेत त्यांनी, हात मागे बांधायला शिकायला."

तेव्हापासून ते वाक्य दुकानाचं झालं. कोणी किमतीवरून हुज्जत घातली की मशीन थांबायचं आणि तिकडून आकडा यायचा, सात हजार. रेल्वेचं भाडं आणि आंब्याची पेटी वेगळी.

* * *

एक वर्षाच्या आतलं मूल गाडीत पाठमोरं बसवायचं, तोंड मागच्या काचेकडे. धक्का बसला तर मान सांभाळली जाते. हे कोकणातल्या आजीला सांगून बघा.

एका आंबा बागायतदारांची मंडळी आली होती. मुलगा, सून, सात महिन्यांचा नातू आणि नऊवारीतल्या आजी. सुनेने सीट उत्तम बसवली. आजींनी बघितलं आणि नातवाला पदराखाली घेतलं. माझ्या नातवाला जगाकडे पाठ करून बसवणार? घरातून निघताना मूल पुढे बघतं की मागे? मी मानेचं सांगितलं, हाडांचं सांगितलं, परदेशातल्या बाईंचं सांगितलं. आजी म्हणाल्या, तुझ्या बाईला नातू आहे का? मला ठाऊक नव्हतं.

मुलगा आणि सून दोघंही खाली बघत उभे. सीट काढायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात वैशाली मशीनवरून उठली आणि आजींच्या शेजारी येऊन बसली. तिने एवढंच विचारलं, "आजी, तुमच्याकडे गणपती घरी आणताना त्याचं तोंड कुठे असतं हो?"

आजी म्हणाल्या, कुठे म्हणजे? आणणाऱ्याकडे. पाठ रस्त्याकडे.

आणि नातवाकडे बघितलं. मग पदर बाजूला केला आणि नातवाला स्वतः सीटमध्ये ठेवला. पाठमोरा.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण भाद्रपदात तेच कुटुंब गणपतीच्या शाळेतून मूर्ती घेऊन सरळ दुकानावर आलं. मूर्ती शाडूची, फूटभर, तोंडावर रुमाल, भोवती मऊ पंचे गुंडाळलेले, आणि बसलेली नातवाच्या सीटमध्ये, पाठमोरी. नातू आईबरोबर आजोळी होता. आजी म्हणाल्या, तपासून दे. मी हात मागे बांधून तपासलं. मुलाने चोख बसवलं होतं. भाऊंनी फी घेतली नाही, वर नारळ दिला.

विसर्जनाच्या दिवशी पुन्हा गाडी थांबली. आजींनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. "जाताना पोटावरचा पट्टा जरा सैल ठेवू काय रे? इतके दिवस जेवून निघालाय."

* * *

मिरकरवाड्याचा एक ट्रॉलरमालक होता, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, स्वभावाने राजा. मेव्हण्याने मुलासाठी सीट भेट दिली म्हणून शिकून गेला. हाताला गाठी मारायची सवय, त्यामुळे वीस मिनिटांत अशी सीट बसवली की मी थक्क झालो.

महिन्याभराने बंदरावर भेटला. चल, सोडतो तुला. जीपमध्ये बसायला गेलो तर तीन वर्षांचा मुलगा पुढे बापाच्या मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागच्या सीटमध्ये मी बघितलं. बर्फाच्या पिशवीत हातभर सुरमई. खांद्यावरून पट्टे बरोबर, मधलं बक्कल लागलेलं, चिमटीत धरायला पट्टा सैल नाही. परीक्षेला शंभर गुण द्यावेत अशी.

मी म्हटलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला, "मुलगा धरून बसतो रे. मासा नाय धरत."

आता मी तसा शांत माणूस आहे, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्याला म्हटलं, इंजिन बंद कर. सुरमई बाहेर काढली, मुलाला सीटमध्ये बसवायला लावलं, त्याच्याच हाताने, आणि मासा मी मांडीवर घेतला. मारुती मंदिरापर्यंत बर्फाचं पाणी माझ्या पँटमध्ये. उतरताना त्याने अर्धी सुरमई कापून देऊ केली, रागावू नको म्हणाला. मी घेतली. राग एकीकडे, सुरमई एकीकडे. वैशालीने मात्र मला अंघोळ होईपर्यंत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

त्यानंतर तो मुलगा कायम सीटमध्येच दिसायचा. माशासाठी त्याने दुसरी सीट मागवायची चौकशी केली होती, ते वेगळं.

* * *

किस्से छान झाले, पण धंदा झाला नाही. पहिल्या वर्षी अकरा सीटा. दुसऱ्या वर्षी चौदा. गुणाकार करायला भाऊंना कागद लागला नाही. ते म्हणायचे, पाटीवर सीटच्या जोडीला पंक्चर लिही, तेवढीच भर.

ह्या सगळ्यात मला मजा वाटायची, आणि मशीनचा आवाज आला की मजा जायची. वैशाली तेच पायाचं मशीन चालवत होती. गुडघ्याला पट्टी बांधून बसायची. मला कधी बोलली नाही. आकडा सांगायची तो गिऱ्हाइकांना, हसत. मला मात्र तो दर वेळी लागायचा. तिच्या गुडघ्यांच्या जिवावर मी एक सर्टिफिकेट भिंतीला टांगलं होतं, ह्याची मला खंत होती.

त्यात दुसरं वर्ष संपता संपता मुंबईहून पत्र आलं. सर्टिफिकेट दोन वर्षांचंच असतं. चालू ठेवायचं तर पुन्हा दोन दिवस यायचं, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा तीन हजार रुपये. नाहीतर नाव यादीतून जाईल. मी ते पत्र दुकानातल्या खिळ्यांच्या डब्याखाली सरकवलं. भाऊंना बोललो नाही, घरी तर नाहीच. जाऊ दे नाव, असं मनाशी ठरवून टाकलं.

* * *

त्याच महिन्यात पोफळीच्या बाई आल्या.

त्या पोफळीच्या वीजघराच्या वसाहतीत राहायच्या, नवरा तिथे इंजिनिअर. चार महिन्यांपूर्वी दोन वर्षांच्या मुलीसाठी सीट शिकून गेल्या होत्या. तेव्हा नवरा सावलीत पेपर वाचत बसला होता आणि ह्या बाईंनी भर उन्हात सीट तीनदा काढून तीनदा बसवली होती. मी दोनदाच सांगितलं होतं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी.

आता कपाळावर टाके होते. मागोमाग नवरा, हात प्लास्टरमध्ये. कुंभार्ली घाटात धुक्यात गाडी गटारात जाऊन डोंगराला धडकली होती. गाडी भंगारात गेली. मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. नवरा सांगत होता, गाडी थांबल्यावर आम्ही दोघं मागे वळलो, तर ही सीटमध्ये तशीच बसलेली, आणि म्हणते, "बाबा, पुन्हा."

भाऊ उगीचच हातोडी शोधायला लागले.

बाई सीट घेऊन आल्या होत्या. भावाची गाडी आणली होती, त्यात बसवायची होती, तेवढी नजरेखालून घाला म्हणाल्या. मला त्यांना सांगणं जिवावर आलं. एकदा धडक झेललेली सीट पुन्हा वापरायची नसते. वरून नवी दिसते, आत बारीक चिरा गेलेल्या असतात. नुसती टाकायचीही नाही, कारण कोणीतरी उचलून वापरेल. पट्टे कापून टाकायचे.

भाऊ जन्मात वाकडा खिळा फेकलेला माणूस नव्हे. ते म्हणाले, "मेल्या, कोरी आहे ती."

बाई पुढे झाल्या. सीटवरून एकदा हात फिरवला. मग वैशालीला म्हणाल्या, थोडं हळदकुंकू मिळेल का? वैशाली काही न विचारता गणपतीच्या फोटोपुढचं तबक घेऊन आली. बाईंनी सीटला हळदकुंकू लावलं, जिथे मुलीची पाठ टेकायची तिथे. भाऊंनी न मागता नारळ पुढे केला. वैशालीने मशीनवरचा एक कोरा कापडाचा तुकडा चौकोनी घडी घालून दिला, डब्यातले तांदूळ दिले. बाईंनी त्या सीटची ओटी भरली. नमस्कार केला. मुलीलाही करायला लावला. मग बाजूला होऊन मला म्हणाल्या, कापा आता.

मी वैशालीची मोठी कात्री घेतली. पाच पट्टे कापले. भाऊंनी एकेक तुकडा उचलून बाजूला ठेवला. मुलगी तेवढी वैशालीच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती आणि चुरा मशीनवर सांडत होती.

जाताना बाईंच्या नवऱ्याने डाव्या हाताने खिसा चाचपला. काय द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि मला घ्यायचंही नव्हतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, हे सगळं शिकायला तुम्हाला खर्च किती आला होता हो?

मी मान खाली घातली. भाऊसुद्धा मशीनकडे बघायला लागले. आता आकडा येणार, रेल्वेभाड्यासकट.

वैशालीने मुलीच्या तोंडावरचा चुरा पदराने पुसला आणि खिळ्यांच्या डब्याकडे एकदा बघितलं. "आता कुठलं आठवायला हो! पुढच्या महिन्यात परत जायचंय त्यांना, तेव्हा विचारून ठेवते."